अंदाजपत्रकाविषयी मौन पाळणारा उमेदवार

मुंबई महानगरपालिकेची निवडणूक जवळजवळ नऊ वर्षांच्या खंडानंतर १५ जानेवारी २०२६ रोजी पार पडली. २२७ प्रभागांतून उभ्या राहिलेल्या उमेदवारांनी रस्ते, गटारे, पाणी, दवाखाने आणि उद्याने यांविषयी मतदारांना भरघोस आश्वासने दिली. परंतु ज्या एका दस्तऐवजावर ही सारी आश्वासने तरतात किंवा बुडतात, त्या महापालिकेच्या अंदाजपत्रकाविषयी स्वतःची भूमिका सांगणारा उमेदवार मतदारांना क्वचितच भेटला. करवाढ होऊ देणार नाही, विकास मात्र भरपूर करू, एवढ्या एका वाक्यात बहुतेकांचे अर्थशास्त्र आटोपले.

हे मौन निरुपद्रवी आहे अशी समजूत करून घेणे चुकीचे ठरेल. अंदाजपत्रक म्हणजे कारकुनांनी जुळविलेली जमाखर्चाची बेरीज नव्हे. कोणाच्या खिशातून पैसा काढावयाचा आणि कोणाच्या दारी पोचवावयाचा, याचा तो वार्षिक निवाडा असतो. त्या निवाड्याविषयी जो बोलत नाही, तो तटस्थ नसतो. आजवर जे निवाडा देत आले त्यांच्याच बाजूला तो उभा असतो. भूमिका नसणे हीच त्याची भूमिका होय.

हा निवाडा किती मोठा आहे? २०२३-२४ साली महापालिकेचे अंदाजपत्रक ५२,६१९ कोटी रुपयांचे होते. २०२५-२६ साली ते ७४,४२७ कोटींवर गेले. देशातील काही लहान राज्यांची अंदाजपत्रकेही याहून तोकडी असतात. आणि ही झेप कोणत्या काळात घेतली गेली? महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि कारभार प्रशासकाच्या हाती गेला. त्यानंतरची लागोपाठ तीन अंदाजपत्रके आयुक्तांनीच तयार केली आणि प्रशासक या नात्याने त्यांनीच मंजूर केली. मांडणारा आणि मान्यता देणारा हात एकच होता. शहराच्या तिजोरीवर मतदारांचा प्रतिनिधी नसलेला हा काळ नव्या सभागृहाला वारसा म्हणून मिळाला आहे. या वारशाचा हिशेब मागणे हे उमेदवाराचे पहिले काम होते.

तो हिशेब मागितला असता तर काय दिसले असते? २०२५-२६ च्या अंदाजपत्रकात भांडवली कामांसाठी ४३,००० कोटींहून अधिक रक्कम होती. त्याच अंदाजपत्रकात बेस्टला १,००० कोटींचे अनुदान होते आणि त्याच वर्षी, ९ मे २०२५ पासून, बेस्टचे किमान भाडे पाच रुपयांवरून दहा रुपये झाले. ज्या बसने कामगार, मोलकरीण, फेरीवाला आणि विद्यार्थी प्रवास करतात, तिचे किमान भाडे एका फटक्यात दुप्पट! दुसरीकडे, मार्च २०२४ मध्ये पहिला टप्पा खुला झालेला सागरी किनारा मार्ग महापालिकेने सुमारे १४,००० कोटी रुपये खर्चून बांधला. त्यावर दुचाकीला आणि रिक्षाला मज्जाव आहे. मोटारगाड्यांना मात्र पथकर नाही. मोटारवाल्याचा प्रवास फुकट आणि बसवाल्याचा दुप्पट, हा योगायोग नव्हे. तो अंदाजपत्रकाचा वर्गीय कल आहे.

७ ऑगस्ट १९४७ रोजी महापालिकेने खाजगी कंपनीकडून हा उपक्रम आपल्या ताब्यात घेतला, तेव्हा सार्वजनिक वाहतूक ही नफ्याची नव्हे तर सेवेची बाब आहे हे तत्त्व त्यामागे होते. आज रस्त्यावर धावणाऱ्या बहुसंख्य बस कंत्राटदारांच्या मालकीच्या आहेत आणि त्यांचे चालक कंत्राटदारांचे नोकर आहेत. बेस्ट तोट्यात आहे असे जो उमेदवार म्हणतो, त्याला कार्यकर्त्यांनी एवढेच विचारावे की उड्डाणपूल कोणत्या वर्षी नफ्यात होता?

आता जमेच्या बाजूकडे वळावे. १ जुलै २०१७ रोजी जकात गेली आणि महापालिकेच्या उत्पन्नाचा सर्वांत मोठा स्वायत्त स्रोत नाहीसा झाला. त्या जागी राज्य सरकारकडून, वर्षाला आठ टक्के वाढ धरून, नुकसानभरपाई मिळते. म्हणजे शहराच्या उत्पन्नाचा मोठा वाटा आता मंत्रालयाच्या हातून येतो. मालमत्ता कराच्या बाबतीत, ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना २०२२ च्या आरंभापासून माफी मिळाली. लहान घरात राहणाऱ्यास दिलासा मिळावा, याविषयी समाजवाद्यांचे दुमत असण्याचे कारण नाही. परंतु जेथे सूट दिली तेथील खड्डा कोणी भरावयाचा, हे त्याच श्वासात सांगितले पाहिजे. ते सांगितले नाही म्हणून एप्रिल २०२५ मध्ये घरटी कचरा शुल्काचा मसुदा पुढे आला. त्यात लहानातल्या लहान घरालाही महिना शंभर रुपये लावण्याचा प्रस्ताव होता. दर्शनी दाराने दिलेली सवलत मागील दाराने परत नेण्याची ही जुनी युक्ती आहे.

या निवडणुकीत एका आघाडीने ७०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना करमाफीचे वचन दिले, दुसरीने बेस्टच्या भाड्यात महिलांना निम्म्या सवलतीचे. दोन्ही वचने कानाला गोड आहेत. त्यासाठी पैसा कोठून येणार, हे मात्र कोणत्याही व्यासपीठावर ठासून सांगितले गेले नाही. आलिशान मनोऱ्यांवर आणि व्यापारी संकुलांवर चढता कर लावणार काय? बिल्डरांना दिलेल्या सवलती रोखणार काय? कंत्राटांचे फुगविलेले अंदाज तपासणार काय? की २०२२ च्या सुमारास नव्वद हजार कोटींवर असलेल्या आणि त्यानंतर घटत गेलेल्या मुदतठेवींनाच पुन्हा हात घालणार? त्या ठेवींतील मोठा भाग कामगारांच्या भविष्यनिर्वाह निधीशी व निवृत्तिवेतनाशी बांधलेला आहे, हे विसरता कामा नये.

काटकसरीचा विषय निघाला की काही उमेदवारांची नजर प्रथम आस्थापना खर्चावर, म्हणजेच कामगारांच्या वेतनावर, जाते. हे शहर पहाटे झाडून काढणाऱ्यांना न्याय कसा मिळाला, ते त्यांनी आठवावे. २,७०० कंत्राटी सफाई कामगारांना कायम करण्याचा न्यायाधिकरणाचा निर्णय २०१४ सालचा. महापालिकेने त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयापर्यंत धाव घेतली आणि २०१७ मध्ये तेथेही हार पत्करली. कामगारांना न्याय नाकारण्यासाठी वकिलांवर खर्च करावयास तिजोरीत पैसा असतो, हा अंदाजपत्रकाचा आणखी एक धडा.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो. अंदाजपत्रक आयुक्त बनवितात, एकटा नगरसेवक काय करणार? आक्षेप अर्धसत्य आहे. १८८८ च्या कायद्याने आयुक्ताला मोठे अधिकार दिले हे खरे. परंतु त्याच कायद्याने स्थायी समितीला आणि सभागृहाला अंदाजपत्रकात फेरफार करण्याचा हक्कही दिला आहे. तो हक्क बहुतेक नगरसेवक प्रभागासाठी मिळणाऱ्या निधीच्या मोबदल्यात गहाण टाकतात. चौकात बाक बसतो, बाकावर ‘अमुक यांच्या निधीतून’ अशी पाटी लागते आणि त्या पाटीआड हजारो कोटींची कंत्राटे बिनबोभाट मंजूर होतात. बाक दिला म्हणून समाधान मानणारा मतदार आणि बाक देऊन सुटका करून घेणारा नगरसेवक, या दोघांनाही या सापळ्यातून सोडविणे हे चळवळीचे काम आहे.

या शहरात महापालिकेचे मत एके काळी मालमत्ताधारकांची व करदात्यांची मिरास होती. प्रौढ मताधिकाराने पहिली निवडणूक झाली ती १९४८ साली. खोलीवाल्याला आणि झोपडीवाल्याला मत मिळाले ते बाक मिळविण्यासाठी नव्हे, तिजोरीवर अधिकार सांगण्यासाठी. १९६१ साली महापालिकेत निवडून गेलेल्या मृणाल गोरे यांना जनतेने ‘पाणीवाली बाई’ म्हटले. नळाचा प्रश्न त्यांनी उपकाराचा न ठेवता हक्काचा केला, म्हणून ते नाव त्यांना मिळाले. पाण्याचा हक्क अंदाजपत्रकात उतरला नाही तर तो भाषणातच राहतो, हे त्या पिढीला ठाऊक होते.

मतदान झाले, तरी उमेदवारांची परीक्षा संपलेली नाही. निवडून आलेल्या प्रत्येकाच्या दारी, आणि पुढे मत मागावयास येणाऱ्या प्रत्येकापुढे, कार्यकर्त्यांनी तीनच प्रश्न ठेवावेत. बसभाड्याच्या वाढीवर सभागृहात कोणत्या बाजूने मत देणार? कंत्राटी कामगारांना कायम करण्यासाठी तरतूद मागणार की नाही? आणि करमाफीची भरपाई कोणाकडून वसूल करणार? उत्तरे प्रभागातील सभेत, लोकांसमक्ष मागावीत, लिहून घ्यावीत आणि पुढील अंदाजपत्रकाच्या मतदानाशी ताडून पाहावीत. जो उत्तर देईल त्याच्याशी वाद घालता येईल. जो मौन पाळील, त्याने आपले मत कोणाला दिले आहे हे जनतेने ओळखावे.