आधी उतार, मग चढ

अमेरिकेत मुलाकडे-मुलीकडे जाणाऱ्या आईवडिलांचा मोसम मे महिन्यात सुरू होतो. तिकडे नातवंडांना सुट्टी लागते, जावयाला आठवडाभर रजा मिळते आणि मग तो ठरलेला कार्यक्रम आखला जातो. लास व्हेगास, ग्रँड कॅनियन, पेज गावाजवळचं अँटिलोप कॅनियन आणि परत. फोटो येतात, आपण लाइक करतो. मला आज त्या फोटोच्या आधीच्या तयारीबद्दल लिहायचंय. ही तयारी ज्याच्या त्याच्या घरापुरती बाब आहे असं मला वाटत नाही, म्हणून हे सगळ्यांसमोर.

आपल्याला डोंगर कळतो तो गडाच्या हिशेबाने. आधी चढ, मग उतार. दम लागला की माणूस आपोआप थांबतो, "मी इथेच बसतो, तुम्ही या जाऊन" म्हणतो, आणि थकलेल्या पायांना घरी आणायला उतार असतो. कॅनियनमध्ये हे सगळं उलटं आहे. तुम्ही गाडीतून उतरता तेच कड्यावर. पहिला तास उतार, सकाळची गार हवा, नातू पुढे पळतोय, आजोबा म्हणतात "काहीच नाही हे." दम लागायला सुरुवात होते ती परत फिरल्यावर. तोवर ऊन डोक्यावर आलेलं असतं आणि बाटली अर्धी झालेली असते.

आकडे आपल्या मापात सांगतो. दक्षिण कडा समुद्रसपाटीपासून सुमारे २१०० मीटरवर आहे, म्हणजे तिथल्या पार्किंगमध्येच तुम्ही कळसूबाईच्या शिखरापेक्षा उंच असता. ब्राइट एंजल या प्रसिद्ध वाटेवर दीड मैलावर पहिला निवारा आहे, तिथवर अकराशे फूट उतार. तीन मैलांवरचा दुसरा निवारा कड्याच्या सुमारे एकवीसशे फूट खाली, म्हणजे साधारण एक सिंहगड. नदीपर्यंत गेलात तर दोन सिंहगडांहून जास्त. आणि खाली जाल तसं तापत जातं. जुलैत कड्यावर २९-३० अंश असताना नदीकाठी सरासरीच ४१ च्या आसपास असते. विदर्भातली मंडळी म्हणतील, ४१ म्हणजे काय मोठं? बरोबर आहे. पण विदर्भातला शहाणा माणूस दुपारी बाराला डोंगर चढायला काढत नाही. हवा इतकी कोरडी असते की घाम आल्याचं कळतही नाही, तो आल्या आल्या उडून जातो. २००४ च्या जुलैत तिथे २४ वर्षांची एक मुलगी पाणी कमी पडून गेली. त्याच वर्षी तिने बोस्टन मॅरेथॉन तीन तास आणि वर थोड्या मिनिटांत पूर्ण केली होती. "आमचे बाबा रोज पाच किलोमीटर चालतात" हे वाक्य त्यामुळे जरा बाजूला ठेवावं.

आता घरातली खरी अडचण. ती बुटांची किंवा सॅकची नाही, मागे कधी फिरायचं आणि ते कोणी सांगायचं, ही आहे. आपल्याकडे वडील "मला काही होत नाही" म्हणणार. मुलगा म्हणणार, "एवढ्या लांब आलोय, अजून थोडंच." सुनेला दिसत असतं की सासूबाईंचा चेहरा उतरलाय, पण ती कशी बोलणार? म्हणून मागे फिरण्याची वेळ आदल्या रात्री हॉटेलवर ठरवायची, सगळ्यांसमोर, आणि ती जागेवरून न ठरवता घड्याळावरून ठरवायची. उतरायला जितका वेळ, त्याच्या दुप्पट चढायला, हा तिथला ढोबळ हिशेब. सकाळी सहाला निघालात तर फार तर सातला मागे वळायचं. सातला वळलात तरी वर यायला नऊ वाजतात. उन्हाळ्यात सकाळी दहा ते दुपारी चार या वेळात खालच्या वाटांवर चालू नका असं तिथलं उद्यान खातं स्पष्ट सांगतं. नदीपर्यंत जाऊन त्याच दिवशी परत येऊ नका, हेही. आणि "मागे फिरूया" म्हणण्याचा हक्क सर्वात लहान नातीलाही असावा, कारण न विचारून तो कोणी दिला नाही तर घरात तो कोणाकडेच नसतो.

पाण्याबद्दल एक गोष्ट बायकांशी बोलून ठरवायला हवी, आणि ती बहुतेक पुरुषांच्या डोक्यातच येत नाही. आपल्या आया प्रवासात मुद्दाम पाणी कमी पितात, कारण शौचालय कुठे मिळेल याचा भरवसा नसतो. तर हे आधीच सांगून ठेवा: ब्राइट एंजलवर दीड मैलाला आणि तीन मैलांना शौचालय आहे, साउथ कायबाबच्या वाटेवर दीड मैलावर सीडर रिजला आहे. साउथ कायबाबच्या वाटेवर पाणी मात्र कुठेच नाही, आणि तिथे खाजगी गाडीही जात नाही, मोफत बसने जावं लागतं. दुसरं म्हणजे, नुसतं पाणी ढोसत राहणंही धोक्याचं. मीठ पोटात न जाता लिटरवर लिटर पाणी गेलं की रक्तातलं मीठ उतरतं, माणूस भ्रमिष्टासारखा वागू लागतो. तिथले रेंजर खारवलेलं काहीतरी खात राहा म्हणतात. म्हणजे खारे शेंगदाणे, चिवडा आणि ओआरएसची पाकिटं, जे आपल्या बॅगेत एरवीही असतंच. बीपीसाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर निघण्याआधी इथल्या डॉक्टरांना विचारून घ्या. तिकडे गेल्यावर विचारणं परवडत नाही.

उतरायला न जाणाऱ्यांनी वाईट वाटून घेऊ नये. कड्याच्या काठाने जी वाट जाते, तिचा बराचसा भाग पक्का आहे. त्यावर 'ट्रेल ऑफ टाइम' म्हणून एक पट्टा आहे, जिथे एक मीटर म्हणजे दहा लाख वर्षं. आजीआजोबांनी नातवाचा हात धरून तिथे चालावं. समोरच्या सुळक्यांना विष्णू टेंपल, ब्रह्मा टेंपल, शिवा टेंपल अशी नावं आहेत, जुन्या अमेरिकी सर्वेक्षकांनी ठेवलेली. (देवळं नाहीत, नारळ नेऊ नका.) फक्त जत्रेला जाताना ठरवतो तसं, चुकामूक झाली तर कुठे आणि किती वाजता भेटायचं ते ठरवून ठेवा. दरीत फोन लागेल या भरवशावर राहू नका.

आता यात सार्वजनिक काय, ते सांगतो. १९९६ च्या उन्हाळ्यात तिथे उष्म्याने माणसं गेली, सुटका करणाऱ्या पथकांची धावपळ झाली. त्यानंतर १९९७ पासून त्यांनी वेगळंच काम सुरू केलं. वाटेच्या तोंडाशी आणि वाटेवर माणसं उभी केली, त्यातले बरेच स्वयंसेवक. ते विचारतात: कुठवर जाणार? पाणी किती आहे? खायला काय आहे? पायात काय आहे? अडवत नाहीत, दंड करत नाहीत, पण उत्तरं पटली नाहीत तर "आज दीड मैलावरूनच फिरा" असं समजावतात. हेलिकॉप्टर पाठवण्याच्या आधीची पायरी आहे ती. कडक उन्हाळ्यात हेलिकॉप्टरच्या उड्डाणावरही मर्यादा येतात आणि मदत पोचायला उशीर होऊ शकतो, हे ते लोकांपासून लपवत नाहीत.

तिकडे सगळं सोन्याचं आहे असं म्हणायचं नाही. दरीतून पाणी वर आणणारी जवळपास २० किलोमीटरची जलवाहिनी १९६० च्या दशकातली. २०१० पासून ती ८५ हून जास्त वेळा मोठी फुटलीय. २०२४ च्या ऑगस्टअखेर तर ओळीने चार ठिकाणी फुटली आणि ऐन सुट्टीत दक्षिण कड्यावरच्या हॉटेलांतले मुक्काम बंद करावे लागले. नव्या वाहिनीचं काम २०२३ मध्ये सुरू झालं, तोवर दशकं गेली. पण वाहिनी फुटली, नळ बंद आहेत, ही माहिती ते लगेच जाहीर करतात. नळ आहे म्हणजे पाणी आहे असं नाही, हे आपल्याला कोणी वेगळं शिकवायची गरज नाही. आदल्या दिवशी उद्यानाच्या पानावर पाहून निघा, आणि तरीही पाणी वरूनच भरून न्या.

आपल्याकडे काय होतं? ३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. पाठोपाठ बंदीचे आदेश निघाले. बंदी काही दिवस पाळली जाते, मग लोक आडवाटेने जातात, आणि आडवाटेला तर पाटीही नसते. गडाच्या पायथ्याशी, सांदण दरीच्या तोंडाशी, धबधब्याच्या वाटेवर पावती फाडायला माणूस बसवता येतो. मग त्याच माणसाला, गावातल्याच दोन पोरांना सोबतीला देऊन, चार प्रश्न विचारायला का शिकवता येऊ नये? वर पाऊस किती झाला हे त्या पोरांना वेधशाळेच्या आधी कळतं. पावतीचे पैसे कशावर खर्च होतात, हे ग्रामसभेत आणि वन खात्याला विचारायला हवं. मी विचारणार आहे, तुम्हीही आपापल्या गावात विचारा.

वरचा पाऊस म्हटल्यावर अँटिलोपचं सांगायलाच हवं. १२ ऑगस्ट १९९७ ला तिथे अचानक लोंढा आला आणि ११ पर्यटक गेले. पाऊस पडला होता काही मैल वरच्या भागात. अॅरिझोनात जूनच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत मान्सून असतो, हाच शब्द ते वापरतात. ती जमीन नवाहो लोकांची आहे आणि त्यांच्या वाटाड्याशिवाय आत जाता येत नाही. हवामान पाहून त्यांनी फेरी रद्द केली तर "पैसे भरलेत" म्हणून हुज्जत घालू नका.

आणि बुकिंग करताना घड्याळ विचारा. अॅरिझोना उन्हाळ्यात घड्याळ पुढे करत नाही, नवाहोंच्या हद्दीत मात्र करतात, आणि सीमेजवळ मोबाइल स्वतःच तासभर पुढे-मागे उडी मारतो. फेरीची वेळ कुठल्या घड्याळाने आहे ते लिहून घ्या, आणि त्या दिवशी आजोबांचं मनगटी घड्याळ प्रमाण माना.