सौंदर्याचा दाखला मेंदू देईल का?

2010 साली न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये मरीना अब्रामोविच सातशेहून अधिक तास खुर्चीवर नि:शब्द बसून राहिल्या. समोरच्या खुर्चीवर कोणीही बसावे, त्यांच्या डोळ्यांत पाहावे आणि हवे तेव्हा उठून जावे, एवढेच. तरीही अनेकांना रडू कोसळले. पुढच्याच वर्षी मॉस्कोत त्यांनी शास्त्रज्ञांच्या साथीने दुसरा प्रयोग मांडला. एकमेकांकडे टक लावून पाहणाऱ्या दोघांच्या डोक्यावर ईईजीची उपकरणे बसवली आणि त्यांच्या मेंदूतील लहरी कधी जुळतात, हे प्रेक्षकांना दाखवले.

कला अनुभवताना मेंदूत काय घडते, हे शोधणाऱ्या शाखेला 'न्यूरोएस्थेटिक्स' म्हणतात. लंडनचे मेंदूशास्त्रज्ञ सेमिर झेकी हे तिचे एक प्रणेते. 2004 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात दहा जणांना चित्रे दाखवून एमआरआय यंत्राने मेंदूची नोंद घेतली गेली. जे चित्र ज्याला सुंदर वाटले, ते पाहताना कपाळामागचा, डोळ्यांच्या खोबणींवरचा एक भाग अधिक सक्रिय झाला.

अशा निष्कर्षांचे चित्रकारांना आकर्षण वाटणे स्वाभाविक आहे. पण नेमके इथेच सावध व्हायला हवे. मेंदूचा हाच भाग चविष्ट पदार्थाने किंवा पैसे मिळाल्यानेही जागा होतो. म्हणजे यंत्र 'आवडले' एवढे सांगते. हेच चित्र का आवडले, ते सांगत नाही. दहा जणांच्या पसंतीतून सौंदर्याचा नियम काढता येत नाही आणि त्या नियमाबरहुकूम चित्रही काढता येत नाही.

विज्ञानाचा खरा उपयोग कुठे होतो, हे हार्वर्डच्या मार्गारेट लिव्हिंगस्टन यांनी दाखवले. क्लोद मोने यांच्या 1872 सालच्या 'इम्प्रेशन, सनराइज' या चित्रातील नारिंगी सूर्य थरथरल्यासारखा भासतो. त्याचा रंग वेगळा असला तरी उजळपणा मागच्या ढगांइतकाच आहे. वस्तू कुठे आहे आणि हलते आहे का, हे ठरवणारी मेंदूतील यंत्रणा रंगापेक्षा उजळपणावर विसंबते. तिला हा सूर्य जवळपास दिसतच नाही. मोबाइलवर हे चित्र कृष्णधवल करून पाहावे, सूर्य ढगांत विरून जातो. मोने यांना यातले काही ठाऊक नव्हते. त्यांनी फक्त नीट पाहिले होते. कारण कळल्याने चित्राची मोहिनी ओसरत नाही, उलट पाहणे अधिक डोळस होते.

प्रश्न केवळ चित्रकारांचा नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये तीन हजारांहून अधिक अभ्यासांचा आढावा घेऊन कलेचा आरोग्याला हातभार लागतो, असे नोंदवले. ही नोंद मोलाची आहे. पण उद्या शाळेतला चित्रकलेचा तास किंवा रुग्णालयाच्या भिंतीवरचे चित्र टिकवायचे, तर आधी मेंदूचा आलेख दाखवा, अशी अट कोणी घालू लागले तर? आलेखात न मावणारी कला तेव्हा फुकट ठरेल.

म्हणून कलावंतांनी प्रयोगशाळेत जरूर जावे. मात्र तिथून प्रश्न आणावेत, पाककृती नव्हे. अब्रामोविच यांच्यासमोर रडणाऱ्यांच्या डोक्यावर 2010 साली कोणतेही यंत्र नव्हते. त्यांचे अश्रू म्हणून कमी खरे ठरत नाहीत.