खेळणे एकाचे, गोष्ट सर्वांची



आपल्या भित्तिपत्रकात 'माझे मत' लिहायची पाळी या वेळी माझी आहे. बाई म्हणाल्या, ज्याच्यावरून वर्गात रोज भांडण होतं त्याच्यावरच लिही. म्हणून मी रूप बदलणाऱ्या मोटारींवर लिहीत आहे. त्यांना ट्रान्सफॉर्मर्स म्हणतात. शेतातल्या डीपीलाही ट्रान्सफॉर्मर म्हणतात, तो जळला की विहिरीवरची मोटर बंद पडते. तो हा नव्हे. हे खेळणं आहे. आधी मोटार असते, मग हात-पाय उघडले की रोबोट होतो.

मला काय म्हणायचं आहे ते आधीच सांगते. खेळणे ज्याने विकत घेतले त्याचेच असते, त्याला कोणी हात लावू नये. पण गोष्ट विकत मिळत नाही. ती सगळ्यांची असते. म्हणून मधल्या सुट्टीच्या खेळात कोणी कोण व्हायचे हे खेळण्याच्या मालकाने ठरवू नये.

सध्या आपल्याकडे काय चाललं आहे? ज्याच्याकडे बाजारातला रोबोट आहे तो रोज ऑप्टिमस प्राइम, म्हणजे चांगल्यांचा पुढारी. त्याचा दोस्त बंबलबी. ज्यांच्याकडे काही नाही ते सगळे डिसेप्टिकॉन, म्हणजे वाईट. त्यांनी रोज हरायचं. आणि आम्हा मुलींना सांगतात, तुम्ही पारावर बसून बघा, मोटारींशी मुलींचा काय संबंध. आपल्यातल्याच एका मुलाने रोबोट पाहिजे म्हणून घरी दोन दिवस जेवण सोडलं. त्याच्या आईने खुरपणीच्या मजुरीतून तो आणून दिला. चार दिवसांत रोबोटचा हात निखळला. मग त्या मुलाला पुन्हा डिसेप्टिकॉन केलं. हे मला पटत नाही.

ज्या आजी-आजोबांना ही गोष्ट माहीत नाही त्यांच्यासाठी ती थोडक्यात सांगते. आपल्या गावात बहुरूपी येतो. एकदा पोलीस होऊन येतो, एकदा आणखी कोणी. तशा या मोटारी बहुरूपी आहेत. त्यांचा ग्रह लांब आहे, त्याचं नाव सायबरट्रॉन. तिथे सगळी जिवंत यंत्रेच राहतात. त्यांच्यात दोन तट पडले. ऑटोबॉट म्हणजे चांगले आणि डिसेप्टिकॉन म्हणजे वाईट. त्यांच्या पुढाऱ्याचं नाव मेगाट्रॉन. भांडून भांडून ग्रहावरची ऊर्जा संपत आली. ती शोधायला ते जहाजातून निघाले आणि आपल्या पृथ्वीवर एका ज्वालामुखीत आदळले. तिथे ते ४० लाख वर्षे निपचित पडून होते. १९८४ साली ज्वालामुखी हलला आणि ते जागे झाले. माणसांना ओळखू येऊ नये म्हणून जहाजाच्या संगणकाने त्यांना इथल्या गाड्यांची आणि विमानांची रूपे दिली. ऑप्टिमस प्राइम झाला ट्रक. बंबलबी झाला छोटी पिवळी मोटार. मेगाट्रॉन झाला पिस्तूल. तेव्हापासून त्यांचं युद्ध पृथ्वीवर चालू झालं. ही अर्थात कल्पित गोष्ट आहे, खरी नाही.

आता माझी कारणे सांगते. बाईंनी शाळेच्या संगणकावर माहिती शोधून वाचून दाखवली, मी वहीत उतरवून घेतली.

पहिले कारण असे, की या गोष्टीत खेळणे आधी आले आणि गोष्ट मागून आली. ही खेळणी प्रथम जपानमधल्या टकारा नावाच्या कंपनीने केली. १९८० साली त्यांनी डायाक्लोन नावाची खेळणी काढली आणि पुढे त्यातच मोटारीचे रोबोट आले. पण तेव्हा त्या मोटारी जिवंत नव्हत्या! त्यांच्यात बसायला अंगठ्याएवढी छोटी माणसे मिळायची. त्यांच्या पायात लोहचुंबक असायचा, म्हणून ती पडायची नाहीत. म्हणजे आपला ट्रॅक्टर जसा चालवणाऱ्याशिवाय हलत नाही, तसाच तो रोबोट. मग १९८४ साली अमेरिकेतल्या हॅस्ब्रो कंपनीने ही खेळणी तिकडे नेली. सोबत टकाराचीच मायक्रो चेंज नावाची दुसरी खेळणीही घेतली आणि सगळ्यांचे मिळून एक नाव ठेवले. मार्व्हल कंपनीच्या लेखकांनी त्यांच्यासाठी गोष्ट रचली. बॉब बुडियान्स्की नावाच्या लेखकाने बहुतेकांना नावे दिली आणि कोणाचा स्वभाव कसा हे लिहून काढलं. मग चित्रकथा निघाली आणि टीव्हीवर कार्टूनही आलं.

बघा, खेळणे तेच. चाके तीच, स्क्रू तेच. जपानमध्ये ती नुसती गाडी होती आणि अमेरिकेत ती बोलायला लागली, रुसायला लागली, मित्राला वाचवायला लागली. काय बदललं? फक्त गोष्ट बदलली. म्हणजे गाडीत जीव गोष्टीने आला, पैशाने नाही. मग ज्याच्या डोक्यात चांगली गोष्ट आहे त्याच्या हातात काडेपेटी असली तरी ती ऑटोबॉट होईल. आणि ज्याच्या डोक्यात गोष्ट नाही त्याच्या हातात महागाचा रोबोट असला तरी ते प्लास्टिकच.

दुसरे कारण बंबलबीचे. हे मला सगळ्यात जास्त आवडलं. १९८४ च्या खेळण्यांच्या खोक्यावर प्रत्येकाचं प्रगतिपुस्तक छापलेलं असायचं. त्यात आठ विषय. शक्ती, बुद्धी, वेग, चिवटपणा, हुद्दा, धाडस, मारा आणि कौशल्य. प्रत्येकाला १० पैकी गुण. पण गुण उघडे दिसायचे नाहीत. ते लाल गिचमिडीत लपवलेले असत. सोबत एक लाल पारदर्शक पट्टी मिळायची, ती वर ठेवली की गुण दिसायचे. ऑप्टिमस प्राइमला शक्तीत १० पैकी १०. आणि बंबलबीला किती? शक्तीत २, माऱ्यात तर फक्त १. आपल्या शाळेत असता तर दोन विषयांत नापास झाला असता. पण धाडसात त्याला १० पैकी १० आहेत, मोठ्या पुढाऱ्याइतकेच! तो लहान आहे म्हणून शत्रूच्या नजरेत येत नाही, आणि म्हणून हेरगिरीचं अवघड काम त्यालाच देतात. आपल्या वर्गात जे बारके आहेत, ज्यांना कबड्डीत शेवटी घेतात, त्यांनी हे नीट वाचावं.

पहिल्या चित्रकथेत हा बंबलबी लढाईत जखमी होतो. त्याला कोण बरं करतं? राजा नाही, शास्त्रज्ञ नाही. एक गॅरेजवाला बरं करतो. त्याचा मुलगा बंबलबीला गॅरेजात घेऊन येतो आणि बाप पान्हे घेऊन त्याला दुरुस्त करतो. आपल्या फाट्यावर मोटारसायकली दुरुस्त करणारे काका आहेत ना, तसेच ते. त्या गॅरेजवाल्याकडे काही खेळणे नव्हते, हाताला कसब होते. तरी गोष्टीत त्याचं काम मोठं आहे. मग आपल्या खेळात ज्याच्याकडे खेळणे नाही त्याला काम का नसावे?

तिसरे कारण पुढाऱ्याचे. ऑप्टिमस प्राइम पुढारी आहे, तो ट्रक मोठा आहे म्हणून नाही. तो आधी दुसऱ्याला वाचवतो, मग स्वतःला. टीव्हीवर त्याचा आवाज पीटर कलन यांनी दिला. त्यांचे मोठे भाऊ सैन्यातून आलेले होते. त्यांनी सांगितलं होतं की खरा वीर ओरडत नाही, जो बलवान असतो त्याला मऊ बोलता येतं. म्हणून कलन यांनी तो आवाज शांत ठेवला. आणि आपला मधल्या सुट्टीतला ऑप्टिमस? तो पाणी प्यायच्या टाकीपर्यंत ऐकू येईल असा ओरडतो, "ए, तू मर, तुला लागलंय!" याला पुढारी म्हणत नाहीत. मेगाट्रॉन असाच वागतो. रागावू नका, मी नाव घेतलेलं नाही.

चौथे कारण आम्हा मुलींचे. १९८५ सालच्या कार्टूनमध्ये एलिटा वन नावाची एक ऑटोबॉट आहे. ती बाई आहे. सगळे वीर जहाजातून निघून गेले तेव्हा ती आणि तिच्या मैत्रिणी सायबरट्रॉनवरच राहिल्या. सगळ्यांना वाटलं त्या संपल्या. पण त्या लपूनछपून शत्रूशी लढतच होत्या. तेव्हा मुलींचा मोटारींशी काय संबंध, हे आता कोणी म्हणू नये. शिवाय आमच्या गावात माझी मावशी ट्रॅक्टर चालवते, हे तर सगळ्यांनी पाहिलं आहे.

आता माझ्या विरुद्ध कोणी काय म्हणेल तेही लिहिते, कारण बाई म्हणतात मत लिहिताना दुसऱ्याचंही ऐकावं.

माझे आजोबा म्हणतात, "ही सगळी विकायची युक्ती आहे. गोष्ट दाखवायची आणि पोरांना रडवून खेळणं घ्यायला लावायचं." आजोबांचं खरं आहे. १९८६ साली या मोटारींचा चित्रपट निघाला. त्यात ऑप्टिमस प्राइमला मारून टाकलं. का? तर दुकानात नवी खेळणी आणायची होती, म्हणून जुनी पात्रे काढायची होती. अमेरिकेतली मुले थिएटरात रडली. आईवडिलांनी तक्रारीची पत्रे लिहिली. शेवटी १९८७ साली त्याला कार्टूनमध्ये परत जिवंत करावं लागलं. मला वाटतं, यातून दोन गोष्टी कळतात. एक म्हणजे कंपनीला विक्री हवी असते, हे आपण विसरू नये. दुसरी म्हणजे मुलांनी त्या खेळण्यावर प्रेम केलं ते गोष्टीमुळे केलं. कंपनीला वाटलं गोष्ट आपली. मुलांना वाटलं गोष्ट आमची. आणि मुलेच जिंकली.

काही जण म्हणतात, या खेळात मारामारी फार आहे. तेही बरोबर आहे. पण ते आपल्या हातात आहे. ऊर्जा संपली, आता पाणी कुठून आणायचं, जखमी गाडीला कोण ओढून आणणार, असाही खेळ होतो. मी आणि माझ्या मैत्रिणींनी तो पाराच्या मागे खेळून पाहिला. आम्हाला घंटा झालेलीही कळली नाही.

आमच्याकडे एकही विकतचा रोबोट नव्हता. दोन काडेपेट्या घेतल्या. आतला खण ओढला की पाय लांब होतात, आत ढकलला की गाडी होते. तुटक्या स्लीपरची गोल चाके कापली, त्यात बाभळीचा काटा घातला. आपण ज्वारीच्या चिपाडाची बैलगाडी करतो तशीच कृती आहे, ती तर आपल्या सगळ्यांना येते. हात मोडला तर नवा करता येतो. रडावं लागत नाही आणि मजुरीतले पैसेही जात नाहीत.

म्हणून माझ्या सूचना पुढीलप्रमाणे आहेत.

१) ऑप्टिमस प्राइम रोज चिठ्ठी टाकून निवडावा. चिठ्ठीत मुलींचीही नावे असावीत.
२) जो आज डिसेप्टिकॉन झाला त्याला उद्या ऑटोबॉट करावे. रोज रोज कोणी हरणार नाही.
३) ज्याचे खेळणे आहे त्याने ते खुशाल वापरावे. पण दुसऱ्याच्या काडेपेटीला हसू नये.
४) मोडलेले खेळणे असले तरी तो मुलगा खेळात राहील. गोष्टीत गॅरेजवाला लागतोच.
५) दुसरीतल्या लहान मुलांनाही घ्यावे. त्यांना बंबलबी करावे.

आणि आलेल्या पालकांना एक विनंती. आम्ही हट्ट केला, जेवण सोडलं, तरी उसने पैसे काढून रोबोट आणू नका. त्याऐवजी घरच्या रिकाम्या काडेपेट्या आणि जुन्या स्लीपरा फेकू नका, आम्हाला द्या. आणि रात्री जेवताना आम्ही खेळातली गोष्ट सांगायला लागलो तर "गप जेव" म्हणू नका. थोडी ऐका. बॉब बुडियान्स्की यांनीही बसून गोष्टीच रचल्या होत्या, आणि त्याने नुसत्या गाड्यांना जीव आला.

माझे मत कोणाला पटले नसेल तर त्याने पुढच्या अंकात आपले मत लिहावे, मी वाचीन. पण सोमवारी मधल्या सुट्टीत मी चिठ्ठ्या घेऊन पारावर येणार आहे. ज्यांना खेळायचं आहे त्यांनी यावं. खेळणे असले तरी चालेल, नसले तरी चालेल.

एवढे लिहून मी माझे मत पूर्ण करते.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता ४ थी
जिल्हा परिषद प्राथमिक शाळा