‘स्लोला बसत नाही’ : एका लाल रेघेविषयी

पदवीच्या तिसऱ्या वर्षातील एका विद्यार्थिनीने प्रकल्पलेखनासाठी जरा वेगळा विषय घेतला होता. २२ जुलै २०२१ रोजी सावित्रीचे पाणी महाडात शिरले, त्यात घरची जुनी मारुती ८०० बुडाली. ती वडिलांनी अंगणातच खोलून पुन्हा चालू केली, पण चालू झाल्यावरही इंजिन नीट चालेना. त्या दोषाचा शोध कसा लागला, याची हकिगत तिने लिहिली होती. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी ‘गाडी स्लोला बसत नव्हती’ या वाक्यावर लाल रेघ मारली आणि वर लिहिले, ‘गाडी नीट चालत नव्हती.’ समासात शेरा : ‘प्रमाणभाषा वापरावी.’

आम्ही महाड आणि पोलादपूर परिसरात मराठी शिकवतो. या रेघेविषयी आमचे मत स्पष्ट आहे. या दुरुस्तीने वाक्य शुद्ध झाले नाही. वाक्यातले ज्ञान तेवढे गेले.

ते कसे, हे सांगण्यासाठी बोनेट उघडणे भाग आहे. इंजिन बिघडले की गॅरेजमध्ये त्याच्याविषयी निदान तीन वेगवेगळी वाक्ये बोलली जातात. ‘मिस मारते’ म्हणजे ठेक्यातला एक ठोका ठरावीक अंतराने गळतो. एखादा सिलिंडर पेट घेत नाही. मारुती ८०० चे इंजिन ७९६ सीसीचे, सिलिंडर तीनच. त्यातला एक मेला की गाडीची तिसरा हिस्सा ताकद जाते आणि सगळी गाडी थरथरते. ‘चढाला उचलत नाही’ म्हणजे सपाटीवर ठीक, पण कशेडी चढताना दम जातो. तेव्हा पेट्रोल कमी मिळते आहे किंवा ठिणगी अशक्त आहे, असा संशय घ्यायचा. भार वाढला की सिलिंडरमधला दाब वाढतो आणि त्या दाबात ठिणगी पडायला अधिक विद्युतदाब लागतो, म्हणून दुबळी ठिणगी घाटातच उघडी पडते. (२०२३ पासून कशेडीच्या बोगद्यातून वाहने जाऊ लागली. प्रवाशांची सोय झाली. मेकॅनिकांची एक प्रयोगशाळा मात्र आडरस्त्याला पडली.) आणि ‘स्लोला बसत नाही’ म्हणजे रेस दिली की आवाज सुधारतो, पाय काढला की इंजिन आचके देते, बंद पडू पाहते. इथे पहिला संशय हवेचा. इनटेकच्या बाजूला कुठेतरी फट असेल, तर इंजिन हिशोबाबाहेरची हवा ओढते. मंद गतीत मुळात हवा थोडी लागत असल्याने एवढीशी फटही मिश्रण बिघडवते. वेग वाढला की एकूण हवेच्या मानाने ती चोरी नगण्य ठरते.

तीन क्रियापदे, तीन दिशा. ‘नीट चालत नव्हती’ या प्रमाण वाक्यातून मेकॅनिकने कोणत्या दिशेला जावे?

त्या मुलीच्या वडिलांनी सुरुवात उत्तम केली होती, हेही नोंदवले पाहिजे. बुडालेल्या गाडीला त्यांनी घाईने चावी मारली नाही. पाणी दाबले जात नाही. ते सिलिंडरमध्ये असताना इंजिन फिरवले तर कनेक्टिंग रॉड वाकतो. त्यांनी आधी प्लग काढले, मगच इंजिन फिरवून पाणी बाहेर फेकले, ताकासारखे पांढरे झालेले ऑइल बदलले, कार्ब्युरेटर उतरवून साफ केला. इतके करूनही आचके थांबेनात, तेव्हा नवे प्लग आणले. तेही व्यर्थ. पुढची पायरी कार्ब्युरेटरचा किट, म्हणजे आणखी खर्च, अशी होती. ओळखीचा मेकॅनिक आला आणि त्याने कशालाही हात न लावता विचारले, “काका, हात कुठं कुठं लावला, ते पहिलं सांगा.”

हा प्रश्न आम्हांला फार मोलाचा वाटतो. घरगुती दुरुस्तीनंतर उद्भवलेला दोष बहुधा त्या दुरुस्तीच्याच वाटेवर असतो : अर्धवट बसलेली प्लगची टोपी, ढिले राहिलेले बॅटरीचे टर्मिनल, अदलाबदल झालेल्या वायरी, ओढून काढताना तडकलेली नळी. पाठचिकित्सा शिकवताना आपण दुसरे काय सांगतो? एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, हे आपण अभिमानाने सांगतो. त्यामागची गरज हीच, की मधल्या हातांनी पाठ बिघडवला होता. संशयित प्लग दुसऱ्या सिलिंडरला लावून पाहायचा; दोष प्लगबरोबर गेला तर प्लग गुन्हेगार, जागीच राहिला तर प्लग निर्दोष. एका वेळी एकच बदल करायचा. ही शिस्त आमच्या किती शोधनिबंधांत दिसते, हा प्रश्न विचारण्याचा मोह आवरतो.

असो. वडिलांनी आठवून आठवून यादी सांगितली. मेकॅनिकने कार्ब्युरेटर उतरवताना काढलेल्या एका रबरी नळीच्या टोकावर अंगठा दाबून धरला आणि इंजिन शांत बसले. टोकाला केसाएवढी चीर होती. चार बोटे नळी कापून पुन्हा बसवली.

आमच्या काही सहकाऱ्यांचा आक्षेप असा की, या बोलीतले निम्मे शब्द इंग्रजी आहेत, मग ही मराठी कसली? नामे इंग्रजी आहेत हे खरे. पण निदान नामांत नसते. बसणे, उचलणे, ओढणे, मारणे, धरणे ही सारी क्रियापदे मराठी आहेत, आणि त्यांना इथे आलेला अर्थ कोणत्याही इंग्रजी पुस्तकातून आलेला नाही. आंबेनळी घाट चढून महाबळेश्वर-पाचगणीमार्गे उतरले की वाई लागते. तिथल्या मराठी विश्वकोशाने १९७६ च्या पहिल्याच खंडात ‘अंतर्ज्वलन एंजिन’ ही नोंद दिली. दट्ट्या, झडप असे शब्द योजणाऱ्या त्या कामाविषयी आम्हांला आदर आहे. परंतु कोश यंत्र कसे चालते ते सांगतो. ते चालेनासे झाले म्हणजे माणसे काय बोलतात, ते टिपणे त्याचे काम नव्हते. ते काम भाषाविभागांचे होते. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ च्या ‘गावगाडा’त बलुतेदारांची परिभाषा जतन केली, ती आपण आज अभ्यासक्रमाला लावतो, महामार्गाच्या कडेच्या गॅरेजांकडे मात्र आपली पाठ. पिर्सिग यांच्या १९७४ च्या मोटारसायकलविषयक पुस्तकावर चर्चासत्रात निबंध वाचायला आपली हरकत नसते, हे विशेष!

वेळही फारसा उरलेला नाही. नव्या गाड्यांत दोष यंत्रच सांगते. स्कॅनर लावला की ‘पी ०३०१’ असा संकेत येतो, म्हणजे पहिला सिलिंडर मिस मारतो आहे. का मारतो, ते तो सांगत नाही. ते अजून कानानेच आणि प्रश्न विचारूनच शोधावे लागते. पण कार्ब्युरेटरच्या गाड्या जातील तशी ही क्रियापदेही विरत जातील, आणि ज्यांच्या घरी ती रोज बोलली जातात त्या मुलांना आपण ती खोडायला शिकवत आहोत.

त्या मुलीच्या गुणांबाबत आम्ही विभागाकडे लेखी म्हणणे दिले आहे. यंदापासून आमच्या वर्गांत प्रकल्पाचा एक पर्याय असाही ठेवला आहे : एखाद्या कारागिराने एका दोषाचे निदान कसे केले, ते त्याच्याच शब्दांत नोंदवावे, आणि प्रत्येक क्रियापदाचा अर्थ त्यालाच विचारून समासात लिहावा.