वाकळीसाठी यंत्र निवडताना

१/ राधानगरीच्या पावसाळ्यात वाकळीवाचून घर चालत नाही. घाटमाथ्याचा गारठा भिंतींत मुरतो, तेव्हा जुनेरांच्या थरांतली ऊबच कामी येते. ही वाकळ पिढ्यान्‌पिढ्या हाताने शिवली गेली. आता ती यंत्रावर शिवून चार पैसे मिळवू पाहणाऱ्या स्त्रीपुढे प्रश्न येतो : यंत्र कोणते घ्यावे? त्याचे उत्तर शोधण्यासाठी १८५४ सालापर्यंत मागे जावे लागते. #थ्रेड

२/ आधी हाताची रीत पाहू. जुन्या लुगड्यांचे थर जमिनीवर ताणून पसरायचे, कडेने धावदोरा घालायचा आणि चौकटीमागून चौकट घेत मध्याकडे सरकायचे. वाटेत ठिगळ आले तर सुई त्याला वळसा घालते, कुठे फूल काढावेसे वाटले तर तिथेच रेंगाळते. कापड स्थिर असते आणि सुई मोकळी असते. वाकळीची सारी नक्षी या मोकळेपणातून येते.

३/ यंत्राने नेमका हाच मोकळेपणा काढून घेतला, पण एका दिवसात नव्हे. फ्रान्सच्या बार्थेलेमी तिमोनिए याने १८३० मध्ये साखळी टाक्याच्या यंत्राचे पेटंट घेतले. पुढच्याच वर्षी पोटावर पाय येईल या भीतीने पॅरिसच्या शिंप्यांनी त्याच्या कारखान्यातली यंत्रे फोडली. १८४६ मध्ये अमेरिकेत एलियास हाऊ याने दोन धाग्यांच्या टाक्याचे पेटंट मिळवले. त्याच्या यंत्रात कापड एका पट्टीला टोचून उभे टांगावे लागे. पट्टी संपली की टीप थांबे, आणि कापड पुन्हा टोचावे लागे.

४/ आयझॅक सिंगर याच्या १८५१ च्या यंत्रात आजची ओळखीची मांडणी दिसते : आडवा तक्ता, वरून खाली येणारी सरळ सुई, कापड दाबून धरणारा पाय. कापड अखंड पुढे नेण्याचा प्रश्न मात्र ॲलन विल्सन याने १८५४ मध्ये खऱ्या अर्थाने सोडवला. सुईखालचे दाते वर येतात, कापड पुढे ढकलतात, खाली जातात आणि मागे फिरतात. या चार हालचालींवर जगातले बहुतेक शिवणयंत्र आजही चालते.

५/ राधानगरी धरणाचे सात स्वयंचलित दरवाजे पाण्याची पातळी चढली की आपोआप उघडतात. मधे माणसाचा हात लागत नाही, हेच त्यांचे मोल आहे. विल्सनच्या दात्यांचेही तसेच. सदरा, परकर, पिशवी यांच्या सरळ शिवणीला हा आपोआपपणा वरदान ठरला. पण दाते कापडाला एकच दिशा ओळखू देतात. वळणावळणाची वाकळ त्यांच्या ताब्यात गेली की तिची सरळ रेघांची गादी होते.

६/ ज्याला आज फ्री मोशन क्विल्टिंग म्हणतात, ते म्हणजे विल्सनचा शोध तेवढ्यापुरता बाजूला ठेवणे. दाते खाली करायचे किंवा पट्टीने झाकायचे, नेहमीचा पाय काढून भरतकामाचा स्प्रिंगचा पाय लावायचा आणि दोन्ही हातांनी कापड फिरवायचे. टाक्याची लांबी आता यंत्र ठरवत नाही. सुईचा वेग आणि हाताचा वेग यांच्या मेळातून ती ठरते. हात घाईत सरकला तर टाके लांब पडतात, रेंगाळला तर एकावर एक चढतात.

७/ हे कौशल्य परके नाही. सिंगरची यंत्रे एकोणिसाव्या शतकातच हिंदुस्थानात आली आणि १९३० च्या दशकात कोलकात्याच्या जय इंजिनिअरिंग वर्क्सने ‘उषा’ यंत्रे बनवायला घेतली. यंत्रांचे कठोर टीकाकार असलेल्या गांधीजींनीही १९२४ मध्ये शिवणयंत्राला अपवाद मानले. त्याच काळ्या मशीनचा पाय काढून, कापड गोल चौकटीत ताणून भरतकाम करणारे कारागीर गावोगाव झाले. वाकळीला हवी असलेली विद्या तीच आहे.

८/ म्हणून निवडीची पहिली कसोटी : दोन्ही हात मोकळे राहतात का? हातमशीन इथेच बाद होते, कारण एक हात चाकावर अडकतो. उरते पायमशीन किंवा मोटर लावलेले मशीन. पायमशीनवर पायाची लय साधायला काही दिवस जातात, चाक उलटे फिरले तर दोरा तुटतो. पण एकदा लय बसली की वेग पायाच्या ताब्यात राहतो. शिवाय पावसात वीज गेली तरी काम थांबत नाही.

९/ दुसरी कसोटी दात्यांची. काही यंत्रांत ते खाली करण्याचा खटका किंवा स्क्रू असतो, काहींत वरून झाकणपट्टी बसवावी लागते. यांपैकी एकही सोय नसेल तर ते यंत्र कितीही चकचकीत असो, या कामाचे नाही. तिसरी कसोटी जागेची. सुई आणि उजवीकडचा खांब यांमधल्या वीतभर जागेतून गुंडाळलेली अर्धी वाकळ जायची असते. बोटभर जागा कमी पडली तरी मनगटाला कळते.

१०/ दुकानदार दोन गोष्टी पुढे करतो. एक, पन्नास नक्ष्यांचे संगणकीय मशीन. त्या नक्ष्या वाकळीला लागत नाहीत, आणि बिघडले तर दुरुस्तीसाठी कुठवर जावे लागेल हे आधी विचारावे लागते. दुसरे, कारखान्यातले जलद मशीन. मिनिटाला चार-पाच हजार टाक्यांचा तो वेग लांब सरळ शिवणीसाठी आहे, वळणावर तो नवख्या हाताला झेपत नाही. काळ्या मशीनचे सुटे भाग मात्र सहज मिळतात आणि ते उघडून बसवणारा मिस्त्रीही जवळपास सापडतो.

११/ यंत्राची मर्यादाही ओळखायला हवी. हाताच्या सुईने पेललेले सहा-सात थर घरगुती यंत्राला मोकळ्या टिपेत पेलत नाहीत. दोन सुती लुगडी आणि मधे एक पातळ थर, सोळा किंवा अठरा नंबरची सुई, आणि आधी हाताने घातलेले मोठे कच्चे टाके, एवढ्यावर काम नीट होते. अशी वाकळ हलकी असते. राधानगरीच्या पावसाळ्यात ती धुऊन वाळवता येते, हा फायदा लहान नव्हे.

१२/ यंत्रावरची वाकळ ही खरी वाकळच नव्हे, असा आक्षेप येतो. असाच वाद अमेरिकेतही झाला. १९८९ मध्ये पादुका येथील राष्ट्रीय स्पर्धेत कॅरिल ब्रायर फॅलर्ट यांच्या यंत्राने शिवलेल्या गोधडीला सर्वोच्च पारितोषिक मिळाले, तेव्हा हाताच्या टाक्याचे अनेक अभिमानी नाराज झाले. हाताच्या धावदोऱ्याचा मऊपणा यंत्राच्या टिपेला नाही, हे खरेच. पण महिनाभर वाकून शिवणारीची पाठ आणि डोळे या हिशेबात कोण धरतो? हातशिलाईचा आग्रह धरणाऱ्याने हातशिलाईचा दामही द्यावा.

१३/ इथे प्रश्न एका घरापुरता राहत नाही. जिल्हा परिषदांच्या महिला व बालकल्याण योजनांतून शिलाई मशीन मिळते. १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत शिंपीकामासह १८ व्यवसायांना अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत आहे. हेतू चांगला आहे. पण ‘शिलाई मशीन’ ही एकच वस्तू आहे असे कागद धरून चालतो. बाई ब्लाऊज शिवणार की वाकळ, हा प्रश्न अर्जात आला पाहिजे आणि प्रशिक्षणात सरळ टिपेबरोबर मोकळी टीपही शिकवली पाहिजे. चुकीचे मशीन मिळाले तर ते कोपऱ्यात धूळ खाते, आणि ठपका मात्र बाईच्या आळसावर येतो.

१४/ स्वतःच्या पैशाने घेणारीला तर चूक परवडतच नाही. सिंगर कंपनीने १८५६ मध्ये हप्त्याने विक्री सुरू केली, त्यामुळे सामान्य घरांत यंत्र पोहोचले आणि त्याबरोबर कर्जही. मशीन चालो वा न चालो, हप्ता थांबत नाही. म्हणून हप्त्याच्या कागदावर सही करण्याआधी मशीन चालवून पाहण्याचा हक्क बजावला पाहिजे.

१५/ त्यासाठी तज्ज्ञ लागत नाही. जुन्या लुगड्याचे तीन थर टाचून हातभर तुकडा दुकानात न्यावा. दाते खाली करायला सांगावेत, भरतकामाचा पाय लावायला सांगावा आणि स्वतः बसून एक गोल काढावा, मग त्याच्या उलट दिशेने दुसरा. तुकडा उलटून खालचा दोरा पाहावा. तिथे दोऱ्याचे झुपके साचले नसतील आणि हात अडखळला नसेल, तर ते मशीन वाकळीचे. दुकानदार दाते खाली करायला तयार नसेल, तर दुसरे दुकान पाहावे.