डॉकविना विजेची दुचाकी: हिशेब कोणत्या किलोमीटरचा?

बंगळुरूच्या मेट्रो स्थानकांबाहेर उभ्या असणाऱ्या यूलूच्या निळ्या दुचाकींना सर्रास ‘सायकल’ म्हटले जाते. त्यांपैकी बहुतेकींना पेडलच नाही. मात्र केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार मोटारीची शक्ती २५० वॅटपेक्षा आणि वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी असेल व बॅटरी वगळता वजन ६० किलोंच्या आत असेल, तर असे वाहन ‘मोटार वाहन’ ठरत नाही. नोंदणी नको, परवाना नको, विम्याची सक्तीही नाही. या सवलतीवरच हा सारा व्यवसाय उभा आहे.

या मर्यादांचे भौतिकशास्त्र सरळ आहे. चालकासह १२० किलो वस्तुमान धरले, तर ताशी २५ किलोमीटर वेगाला हवेच्या रोधासाठी साधारण १२० वॅट आणि टायरांच्या घर्षणासाठी ८० वॅट लागतात. म्हणजे किलोमीटरमागे आठ वॅट-तास. मोटार व बॅटरीतील घट धरून दहा. (हेच २०० वॅट पाच टक्के चढावर जेमतेम ताशी दहा किलोमीटर वेग देतात. उड्डाणपुलावर मागच्या बसचा भोंगा का वाजतो, ते यावरून कळावे.) लिटरला ४५-५० किलोमीटर जाणारी पेट्रोल स्कूटर त्याच अंतराला १८० ते २०० वॅट-तास खर्चते. वीज कोळशाची असली आणि औष्णिक केंद्रात दोन तृतीयांश ऊर्जा वाया गेली, तरी पाच-सहा पटींचा फायदा उरतोच.

पण हा फायदा त्या किलोमीटरने स्कूटरचा किलोमीटर खरोखर हटवला, तरच. त्याने पायी चालणे किंवा बसचा प्रवास हटवला असेल, तर वजाबाकीचे चिन्ह उलटते. जाहिरातींत मात्र प्रत्येक किलोमीटर मोटारगाडीच्या बदल्यात मोजला जातो आणि ‘वाचलेल्या कार्बन’चा आकडा झळकतो. ही मोजणी विज्ञानाच्या कसोटीवर उतरत नाही.

दुसरा प्रश्न वाहनाच्या आयुष्याचा. अमेरिकेतील रॅले शहरातील सामायिक ई-स्कूटरांवर २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात चार्जिंगच्या विजेचा वाटा अगदी किरकोळ निघाला. सुमारे निम्मे उत्सर्जन निर्मितीचे होते आणि उरलेले बहुतांश रात्री मोटारींतून स्कूटर गोळा करण्याचे. बॅटरी जागेवरच बदलण्याची आपल्याकडील पद्धत दुसरा भाग निश्चित कमी करते, पहिला नाही. पुण्यात २०१७च्या अखेरीस डॉकविना सायकली वाजतगाजत आल्या आणि काही वर्षांतच दिसेनाशा झाल्या. अशा अल्पायुषी वाहनाच्या लोखंड-अॅल्युमिनियमची ऊर्जा मोजक्याच किलोमीटरांवर विभागली जाते, मग मोटार कितीही कार्यक्षम असो.

म्हणून पदपथाची सार्वजनिक जागा देताना महापालिकेने तीन आकडे मागावेत आणि खुले करावेत: एक वाहन आयुष्यभरात किती किलोमीटर धावले, दिवसाला किती वेळ नुसते उभे राहिले, आणि त्याची हलवाहलव करणारी वाहने किती फिरली. माहिती यंत्रणेत असतेच. कारण प्रत्येक दुचाकीत जीपीएस आहे. वाहनांच्या उपलब्धतेसाठी जीबीएफएस हे खुले मानकही २०१५पासून वापरात आहे. अंधांसाठी बसवलेल्या पिवळ्या खाचांच्या फरशांवर किती वाहने आडवी सोडली जातात, हेही मग शहरातला कोणीही विद्यार्थी नकाशावर मांडू शकेल.

गंमत अशी, की ‘शेवटच्या मैला’साठी निघालेला हा व्यवसाय आता घरपोच सेवेकडे वळला आहे, यूलूची २०२३मधील ‘डीएक्स’ त्याच कामासाठी बनवली गेली. पेट्रोल स्कूटरचा किलोमीटर खरोखर हटतो तो बहुधा इथेच. मात्र सवलत आखताना डोळ्यांसमोर अधूनमधून फेरी मारणारा चालक असावा. आज त्या आसनावर दिवसाचे आठ-दहा तास मिनिटांच्या हिशेबाने धावणारा कामगार बसतो, तोही परवान्याच्या चाचणीविना. त्याची धडक एखाद्या पादचाऱ्याला बसली, तर भरपाईसाठी सक्तीचा विमाच अस्तित्वात नाही. शक्ती आणि वेगाच्या मर्यादा तशाच ठेवून, भाड्याने व्यावसायिक वापरात असलेल्या वाहनांना तरी विमा बंधनकारक करणे केंद्राला अवघड नाही.