संथ कलेचा पोशिंदा कोण?

इंग्लंडमधील कँटरबरी शहराजवळ ब्लीन नावाचे एक खेडे आहे. तेथील एका वापरात नसलेल्या गोठ्यात ऑलिव्हर पोस्टगेट आणि पीटर फर्मिन या दोघा कलावंतांनी ‘स्मॉलफिल्म्स’ या नावाने मुलांसाठी चित्रमालिका तयार केल्या. 1969 साली बीबीसीवर आलेली ‘क्लँगर्स’ ही त्यांतलीच. एका चिमुकल्या ग्रहावर राहणारे, शिट्टीच्या सुरांत बोलणारे तिच्यातील गुलाबी प्राणी फर्मिन यांच्या पत्नीने लोकरीने विणले होते. 1974 साली आलेल्या ‘बॅगपस’चा नायक म्हणजे दुकानाच्या खिडकीत पहुडलेला एक जुना कापडी बोका. या मालिकेचे अवघे 13 भाग निघाले. तथापि 1999 मध्ये बीबीसीने ब्रिटनच्या सर्वांत आवडत्या बालकार्यक्रमाबद्दल कौल घेतला, तेव्हा पहिला मान या बोक्यालाच मिळाला.

ॲनिमेशनचे शिक्षण घेणारे आजचे विद्यार्थी या जुन्या बाहुलीपटांकडे पुन्हा वळताना दिसतात, यात नवल नाही. संगणकाने निर्दोष, गुळगुळीत प्रतिमा सहजसाध्य केली आहे. मातीच्या बाहुलीवर उमटलेला बोटाचा ठसा, हात लागल्यामुळे थरथरणारे लोकरीचे तंतू, किंचित अडखळणारी चाल यांत मात्र माणसाच्या हाताची खूण असते. ती खूण पाहून विद्यार्थ्याला वाटते, हे आपल्यालाही जमेल. प्रेरणेचा हा झरा खरा आहे. प्रश्न त्याच्या पुढचा आहे. प्रेरणा घेऊन विद्यालयाबाहेर पडलेल्या या तरुणाचे पोट कोणी भरायचे?

या कलेचे गणित निष्ठुर आहे. बाहुली कणभर हलवायची, एक चित्र टिपायचे, पुन्हा कणभर हलवायची. ब्रिटिश दूरचित्रवाणीवर एका सेकंदाला 25 चित्रे लागतात. म्हणजे पंधरा मिनिटांच्या एका भागाला 22,500 चित्रे झाली. एकेक स्थिती दोनदा टिपून श्रम निम्मे केले, तरी अकरा हजारांहून अधिक वेळा बाहुलीला हात लावणे आले. ‘बॅगपस’मधील पोटकथा पुष्कळदा स्थिर चित्रांच्या आधारे सांगितल्या आहेत, त्यामागे ही काटकसरही होती. बोक्याचा गुलाबी रंगसुद्धा योजून आलेला नव्हता. कापड रंगवताना झालेली चूक तशीच ठेवली गेली आणि तीच त्याची ओळख बनली. तुटपुंज्या साधनांतून घडलेली ही शैली आज अभ्यासाचा विषय झाली आहे.

अर्थशास्त्रात या दुखण्याचे निदान फार पूर्वीच झाले आहे. विल्यम बॉमोल आणि विल्यम बोवेन यांनी 1966 मध्ये रंगमंचीय कलांच्या अर्थकारणाचा अभ्यास प्रसिद्ध केला. कारखान्यात यंत्रांमुळे दर माणशी उत्पादन वाढते आणि वेतनही वाढते. चौघा वादकांची एक रचना वाजवायला मात्र पूर्वी जितका वेळ लागे तितकाच आजही लागतो. साहजिकच अशा कलेचा खर्च इतर वस्तूंच्या मानाने वाढतच जातो. बाहुलीपटाला हा सिद्धांत तंतोतंत लागू पडतो. कॅमेरा स्वस्त झाला, तो विद्यार्थ्याच्या खिशातल्या फोनमध्येच आला. परंतु स्वस्त झाला तो कॅमेरा, हाताचा वेळ नव्हे.

येथे एक महत्त्वाचा फरक मात्र लक्षात घेतला पाहिजे. मैफल संपली की संपते. बाहुलीपट एकदा तयार झाला की पुन:पुन्हा दाखवता येतो. मुलांचा प्रेक्षकवर्ग तर दर चार-पाच वर्षांनी नवा होतो. ‘बॅगपस’चे तेच 13 भाग वर्षानुवर्षे दाखवले गेले. ‘क्लँगर्स’ 2015 मध्ये नव्याने आले, तेही बाहुल्या हलवण्याची जुनी रीत न सोडता. तेव्हा ही कला मुळातच आतबट्ट्याची आहे, असे म्हणता येणार नाही. खर्च सारा आधी करावा लागतो आणि परतफेड सावकाश, कित्येक वर्षांत होते, हीच खरी अडचण. हा मधला काळ पेलणारे धीराचे भांडवल उतावळ्या बाजाराकडे नसते.

ब्रिटनमधील ज्या नावांनी विद्यार्थी भारावतात, त्यांच्यामागे असा कोणी ना कोणी धीराचा ग्राहक उभा असल्याचे दिसते. पोस्टगेट आणि फर्मिन यांना बीबीसीने पुढच्या कामाची हमी दिली आणि गोठ्यात फारशी ढवळाढवळ केली नाही. आर्डमन या संस्थेचे पीटर लॉर्ड आणि डेव्हिड स्प्रॉक्स्टन हे शाळासोबती. त्यांची सुरुवातीची चित्रफीत बीबीसीच्याच ‘व्हिजन ऑन’ या कर्णबधिर मुलांसाठी योजलेल्या कार्यक्रमाने विकत घेतली. निक पार्क यांनी नॅशनल फिल्म अँड टेलिव्हिजन स्कूलमध्ये विद्यार्थी असताना 1982 मध्ये ‘अ ग्रँड डे आउट’ सुरू केला. जेमतेम 23 मिनिटांचा हा पट पुरा व्हायला 1989 साल उजाडले. 1985 मध्ये त्यांना आर्डमनमध्ये काम मिळाले नसते, तर तो पुरा होणे अवघडच होते. त्यांच्या ‘क्रीचर कम्फर्ट्स’ला ऑस्कर मिळाले, तो पट चॅनेल फोरने करवून घेतला होता.

यावर एक आक्षेप संभवतो. ‘बॅगपस’च्या काळी ब्रिटनमध्ये तीनच वाहिन्या होत्या. मुलांना दुसरे पाहायलाच काही नव्हते. मग त्या लोकप्रियतेचे कौतुक कशाला? हा आक्षेप अगदीच निराधार नाही. त्या काळातील सामान्य कार्यक्रम कालौघात वाहून गेले आणि निवडक तेवढे स्मरणात उरले, हेही खरे. परंतु निवड नसल्यामुळे मिळालेला प्रेक्षक प्रौढपणी पंचवीस वर्षांनी कौल द्यायला येत नाही. शिवाय मूल हा स्वत: पैसे मोजणारा ग्राहक नव्हे. त्याची मागणी बाजारात जाहिरातदारामार्फतच उमटते. जाहिरातदार मागे सरला की ती मागणी मुकी होते.

ब्रिटनमध्ये नेमके हेच घडले. 2003 च्या कायद्याने व्यापारी वाहिन्यांवरील बालकार्यक्रमांचे बंधन सैल झाले. पुढे मुलांच्या कार्यक्रमांतील अपायकारक खाद्यपदार्थांच्या जाहिरातींवर निर्बंध आले. हे निर्बंध योग्यच होते. पण गेलेल्या उत्पन्नाची भरपाई कोणी करायची, याचे उत्तर त्यात नव्हते. 2006 मध्ये आयटीव्हीने आपला बालकार्यक्रम निर्मितीचा विभाग बंद केला. 2013 पासून ॲनिमेशनला आणि 2015 पासून मुलांच्या इतर कार्यक्रमांना करसवलत मिळाली. करसवलत उपयुक्त खरी, पण काम हाती असलेल्यालाच तिचा लाभ. पहिले काम शोधणाऱ्या विद्यार्थ्याला तिचा काय उपयोग? 2019 मध्ये बाल-युवा कार्यक्रमांसाठी प्रायोगिक सरकारी निधी सुरू झाला आणि 2022 मध्ये तो गुंडाळलाही गेला. ज्या कलेचा एक पट पुरा व्हायला सात वर्षे लागू शकतात, तिला तीन वर्षांची योजना देणे म्हणजे पेरणी करून अंकुर फुटताच पाणी तोडणे होय.

अंकुराचा उल्लेख मराठी वाचकाला दादासाहेब फाळके यांची आठवण करून देईल. 1912 मध्ये लंडनहून कॅमेरा आणल्यावर त्यांनी वाटाण्याचे रोप उगवताना दिवसामागून दिवस टिपले आणि ‘अंकुराची वाढ’ हा छोटा पट तयार केला. तो पाहून काही जणांचा विश्वास बसला व ‘राजा हरिश्चंद्र’साठी कर्जाची सोय झाली. 1915 मध्ये त्यांनी ‘आगकाड्यांची मौज’ या पटात काड्यापेटीतल्या काड्या नाचवल्या. त्यांच्या या उद्योगात सरस्वतीबाईंचे दागिने गहाण पडले होते. इकडे पत्नीचे दागिने, तिकडे पत्नीचे विणकाम! संथ कलेची पहिली पोशिंदी बहुधा घरातलीच असते आणि तिचे नाव कोणत्याही ताळेबंदात येत नाही. ज्याच्या घरी असा आधार नाही, त्या गुणी विद्यार्थ्याने मग ही वाट सोडूनच द्यायची काय?

उपाय फार खर्चाचा नाही. सार्वजनिक दूरचित्रवाणीने दरवर्षी काही नवोदितांकडून पाच-पाच मिनिटांचे पट करवून घ्यावेत, त्यांतून निवडलेल्यांना 13 भागांची मालिका द्यावी, मुदत सैल ठेवावी आणि पुनर्प्रक्षेपणाच्या उत्पन्नात त्यांचा वाटा राखावा. काही प्रयोग फसतील, ते गृहीत धरावे.

‘बॅगपस’मधील दुकानात काहीही विकले जात नसे. हरवलेल्या, मोडलेल्या वस्तू तेथे दुरुस्त होत आणि मालक येईपर्यंत खिडकीत ठेवल्या जात. असे दुकान बाजारात चालत नाही. ते चालावे असे वाटत असेल, तर त्याचे भाडे समाजानेच भरले पाहिजे.